तुणलेलें वस्त्र

आपल्या भाषेंत फाटक्या वस्त्रानें किती जागा व्यापिली आहे, हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. संकट आवांक्याबाहेर गेलें कीं आपण म्हणतों, आभाळच फाटलें, आतां ठिगळ लावणार तरी कोठें? घरची अब्रू चव्हाट्यावर आली कीं तिचीं लक्तरें वेशीवर टांगलीं जातात. मोडलेलें मन सांधावें लागतें, आणि ज्या लिखाणांत एकसूत्रता नाहीं त्याला टीकाकार 'गोधडी' म्हणून मोकळा होतो. ज्या कामानें भाषेला इतके वाक्प्रचार दिले, तें काम मात्र इतिहासाच्या ग्रंथांत औषधालाहि सांपडत नाहीं.

याचें कारण उघड आहे. संग्रहालयांत जरीचे अंगरखे आणि बुट्टेदार पैठण्या जपून ठेवलेल्या असतात. रोज नेसलेलें लुगडें चिंधी होऊन चुलीपाशीं संपतें. शिवाय सांधण्याच्या कामाचें यशच असें कीं तें दिसूं नये. आणि जें काम न दिसण्यासाठींच करावयाचें त्याची नोंद कोण घेणार? घराच्या जमाखर्चाच्या वहींत कापडाची खरेदी खर्ची पडते. पण जुन्या कापडाचें आयुष्य दोन वर्षांनीं वाढविलें, ही जमा कोणत्याहि वहींत आढळत नाहीं. ती थोडीशी मांडून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्रें येण्यापूर्वीं वस्त्र ही घरांतील मोलाची चीजवस्तु होती. कापूस वेंचावा, सरकी काढावी, पिंजावा, पेळू करावे, सूत काढावें, सुताला खळ द्यावी, ताणा लावावा आणि मग कोठें मागावर बसावें. एका कोष्ट्याचा माग अखंड चालावयाचा तर त्यामागें अनेक जणींनीं चरख्यावर दिवस काढावे लागत. असें वस्त्र एके ठिकाणीं फाटलें म्हणून टाकून देणें, हें भरलें कणीस पायदळीं तुडविण्यासारखें होतें. वस्त्र फाटणें ही घटनाहि त्या काळीं लहान मानीत नसत. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वस्त्र फाटण्याच्या शुभाशुभ फलांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. वस्त्राचे नऊ भाग कल्पून कोणत्या भागावर देवांचा अधिकार आणि कोणत्या भागावर राक्षसांचा, याचा त्यांत विचार केला आहे. वस्त्र नवें असेल तर फल पूर्ण आणि वापरून जुनें झालें असेल तर फल कमी, असेंहि आचार्यांनीं सांगून ठेविलें आहे. धर्मशास्त्रानें तर धर्मकृत्याच्या वेळीं शिवलेलें, जळलेलें किंवा फाटकें वस्त्र वर्ज्यच ठरविलें. म्हणजे सांधलेलें वस्त्र देवघराच्या बाहेर राहिलें. परंतु संसार चालला तो त्याच वस्त्रावर.

सांधण्याच्या कामाला नियमाची प्रतिष्ठा देणारा आपल्याकडील सर्वांत जुना तपशीलवार लेख बौद्ध संघाच्या विनयपिटकांत सांपडतो. प्रारंभीं भिक्षूंनीं उकिरड्यावर व स्मशानांत पडलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचीं चीवरें करावीं असा प्रघात होता; अशा वस्त्राला पांसुकूल म्हणत. पुढें जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनीं दिलेलें कापड घेण्याची मोकळीक मिळाली. तरीहि तें कापड तुकडे करून व जोडूनच वापरावयाचें होतें. मगध देशांतील बांधांनीं आंखलेलीं भाताचीं खाचरें पाहून बुद्धांनीं आनंदाला तशाच आकृतीचें चीवर शिवावयास सांगितलें, असें महावग्गांत म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत फाटलेल्या चीवराला 'अग्गळ' म्हणजे ठिगळ लावण्याची आणि 'तुन्न' म्हणजे सुईनें भरून काढण्याची स्पष्ट अनुज्ञा आहे. भिक्षूनें सुई बाळगावी, तिच्यासाठीं सुईघर ठेवावें, हेंहि तेथें सांगितलें आहे. घरदार सोडलेल्या पुरुषाच्या मोजक्या परिग्रहांत सुईला जागा मिळाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

चुल्लवग्गांतील एक प्रसंग तर फारच मार्मिक आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनीं आनंदाला पांचशें उत्तरीयें दान केलीं. राजाला वाईट वाटलें. हा श्रमण एवढ्या वस्त्रांचें काय करणार, दुकान घालणार कीं काय, असें त्याच्या मनांत आलें. त्यानें आनंदाला भेटून विचारलें. ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना हीं वांटूं, असें आनंदानें उत्तर दिलें. मग त्या जीर्ण चीवरांचें काय करणार? त्यांचे पलंगपोस करूं. जुन्या पलंगपोसांचें काय? त्यांच्या गादीला खोळी होतील. जुन्या खोळींचीं जमिनीवर अंथरावयाचीं आस्तरणें, आस्तरणांचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचीं धूळ झाडण्याचीं फडकीं. आणि तींहि विरलीं म्हणजे तीं कुटून चिखलांत कालवूं व त्यानें जमीन सारवूं. हें ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं.

हा संवाद वाचतांना मराठी वाचकाला आपल्या आजीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आनंदानें सांगितलेला क्रम महाराष्ट्रांतील घरोघर, कोणीं विनयपिटक न वाचतांहि, जसाच्या तसा चालूं होता. नऊवारी लुगडें हें न शिवलेलें वस्त्र. तें विरतें बसण्याच्या व कासोट्याच्या ठिकाणीं. कांठ आणि पदर बराच काळ धड राहतात. लुगडें धुऊन दांडीवर वाळत घातलें कीं घरची जाणती बाई त्याआडून उजेड पाही. जेथें उजेड अधिक झिरपे तेथें वस्त्र विरलें असें ती जाणे, आणि फाटण्यापूर्वींच सुई हातीं घेई. विरलेला भाग फार झाला म्हणजे तो कापून काढावयाचा आणि राहिलेले दोन धड भाग एकमेकांस जोडावयाचे, याला 'दांड भरणें' म्हणत. दांड भरलेलें लुगडें आंखूड होई. तें घरकामाला, किंवा वाढत्या वयाच्या मुलीला. त्यानंतर त्याचें 'जुनेर' होई. जुनेर म्हणजे नुसतें जुनें कापड नव्हे. अनेक धुण्यांनीं मऊ झालेलें, अंगाला न बोंचणारें असें तें वस्त्र असे, आणि म्हणूनच नव्यानें जन्मलेल्या मुलाला पहिल्यानें जुनेरांतच गुंडाळीत. त्याचींच झबलीं, त्याचींच दुपटीं, त्याचींच बाळोतीं. मग उरल्यासुरल्या तुकड्यांची गोधडी. गोधडी फाटली कीं पायपुसणें. आणि अगदीं शेवटीं पोतेरें, ज्यानें चूल व जमीन सारवीत. आनंदाच्या उत्तरांतील शेवटची पायरी आणि आपल्या स्वयंपाकघरांतील पोतेरें यांच्यामध्यें दोन हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. पण वस्त्राचा शेवट दोन्ही ठिकाणीं एकच, जमिनीच्या सेवेंत.

गोधडीविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. वर व खालीं त्यांतल्या त्यांत धड लुगड्याचें पान, मध्यें चिंध्यांचे थर, आणि बाहेरच्या कडेपासून आंत आंत येत जाणारा धांवदोरा, ही तिची साधी रचना. एकेक टाका बेताचा. दोरा फार ताणला तर कापड चुणतें, सैल सोडला तर थर आंत सरकतात. भरगच्च गोधडीला उन्हाळ्याच्या दुपारींच्या दुपारी लागत. तिच्यांत घरांतल्या सर्व माणसांचीं वस्त्रें एकत्र येत: कोणाच्या लग्नांतला खण, कोणाचें मुंजींतलें उपरणें, गेलेल्या माणसाचें धोतर. संन्याशाची कंथा आणि संसाराची गोधडी यांची जात एकच. मात्र एकीनें विरक्ति मिरविली, दुसरीनें मुलांना ऊब दिली.

आतां दुसऱ्या एका शब्दाकडे वळूं. महावग्गांतील 'तुन्न' या शब्दाचें कूळ मोठें आहे. संस्कृतांत शिंप्याला 'तुन्नवाय' म्हणतात. मनुस्मृतींत व अमरकोशांत हा शब्द आला आहे. मराठींत बारीक दोऱ्यानें फाटकें भरून काढण्याला 'तुणणें' असें क्रियापद जुन्या कोशांत मिळतें, तें याच घराण्यांतलें. पण बोलण्यांतून तें जवळजवळ गेलें, आणि त्याच्या जागीं फारशींतून आलेला 'रफू' बसला. शब्दाची ही अदलाबदल निष्कारण झालेली नाहीं. तुणणें घरीं होत होतें. रफू दरबाराबरोबर आला. काश्मिरी शालींचें विणकाम अनेकदां निरनिराळ्या मागांवर तुकड्यातुकड्यांनीं होई, आणि ते तुकडे जोडून अखंड शाल करण्याचें काम रफूगराचें असे. सांधा डोळ्यांना दिसूं नये, हीच त्याची कसोटी. शाल कोठें फाटली तर तिच्याच कडेचा धागा काढून, ताण्याबाण्यांतून सुई फिरवीत, तो मूळची वीण पुन्हां बांधी. पेशव्यांच्या दरबारांत शालजोडी हा बहुमान होता; आणि शालजोडींतला आहेर आपल्या भाषेंत अजून टिकून आहे. इ. स. १८७० त फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें, युरोपांतील शालींची मोठी बाजारपेठ बुडाली आणि काश्मिरांतील हा धंदा खालावला. तरी रफूगराची सुई थांबली नाहीं. उत्तरेंत नजीबाबादेस रफूगरांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या हेंच काम करीत आलीं.

येथें एक भेद स्पष्ट होतो. भिक्षूनें ठिगळ लावलें, तो विनय झाला. रफूगरानें फाटकें भरलें, ती कारागिरी झाली आणि तिला दाम मिळाला. तेंच काम घरच्या बाईनें दुपारीं ओसरीवर बसून केलें, तर तो रिकाम्या वेळचा उद्योग! सुई तीच, टाका तोच; मान मात्र हात कोणाचा यावरून ठरला.

येथवर मुख्यतः न शिवलेल्या वस्त्राची हकीकत झाली. इंग्रजी अमदानींत कोट, पाटलोण आणि बुटांबरोबर एक निराळाच पाहुणा आपल्या घरीं आला. तो म्हणजे पायमोजा. हा पाहुणा जगाला मात्र जुना आहे. इजिप्तमध्यें तिसऱ्या ते पांचव्या शतकांतील लोकरीचे मोजे सांपडले आहेत. ते एकाच सुईनें गुंफलेले असून वहाण घालतां यावी म्हणून त्यांचा आंगठा निराळा केलेला आहे. इ. स. १५८९ त इंग्लंडांत विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र तयार केलें, आणि हळूहळू ही हातांतल्या सुयांची वस्तु यंत्राकडे गेली. मोज्याची वीण ही मागावरची वीण नव्हे. तिच्यांत ताणाबाणा नसतो. फांसांत फांस अडकविलेला असतो. त्यामुळें मोजा ताणतो, पायाला बसतो. पण टांचेवर किंवा आंगठ्यापाशीं एक फांस घासून तुटला कीं त्याच्याखालचा सुटतो, आणि एका दिवसांत भोंक रुपयाएवढें होतें. धोतराला पडलेलें भोंक वाट पाहतें. मोज्याचें पाहत नाहीं.

तें भरण्याची रीतहि म्हणूनच चतुराईची आहे. मोज्याच्या आंत अळंब्याच्या आकाराचा लांकडी ठोकळा घालावयाचा. तो नसेल तेथें निकामी झालेला विजेचा दिवाहि चाले. भोंकाच्या कडेवर सुरुवात न करतां, जेथें वीण धड आहे अशा जागेपासून लहान लहान टाके घालीत यावयाचें. भोंकावर उभे दोरे एकाशेजारीं एक ताणावयाचे, आणि मग आडव्या दोऱ्यानें एक वर, एक खालीं असें विणीत जावयाचें. प्रत्येक वळणावर दोऱ्याचा किंचित् फांस सैल ठेवावा, कारण धुतल्यावर नवी लोकर आटते. गांठ मारूं नये. ती बुटांत पायाला टोंचते. म्हणजे फांसाच्या विणींत पडलेलें भोंक मागाच्या विणीनें भरावयाचें; तळहाताएवढ्या जागेंत, सुईचाच धोटा करून, एक लहानसा मागच चालवावयाचा. अठराव्या शतकांत नेदरलंडमधील अनाथाश्रमांतल्या मुली कापडाच्या एकाच चौकटींत निरनिराळ्या विणींचे असे नमुने भरीत. पुढें घरकामाची चाकरी मिळवावयास हें कौशल्य उपयोगी पडे. इंग्लंडांत १८६२ च्या शिक्षणनियमांनीं मदत घेणाऱ्या शाळांत मुलींना साधें शिवणकाम शिकविणें आवश्यक ठरविलें. मुलांना तें नव्हतें, हें सांगावयास नको.

आपल्याकडे हें नवें शिवण मुख्यतः शाळांच्या वाटेनें आलें. अमेरिकन मिशननें १८२४ त मुंबईंत मुलींची शाळा काढली, आणि मिशनरी शाळांतून वाचनाबरोबर शिवण आलें. पुढें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ त पुण्यास उभ्या राहिलेल्या सेवासदनानें शिवणकामाच्या वर्गांना वेगळाच अर्थ दिला. ज्या विधवेला घरांत सर्वांचें फाटकें शिवण्याचा अधिकार होता, पण त्याबद्दल एक पै मिळण्याचा नव्हता, तिला त्याच सुईवर पोट भरतां येतें, हें येथें प्रथमच अनेकींच्या प्रत्ययास आलें. या लेखाच्या आरंभीं ज्या न मांडलेल्या जमेचा उल्लेख केला, ती अशा रीतीनें वहींत येऊं लागली.

ती जमा सरकारला मान्य करावी लागली ती दुसऱ्या महायुद्धांत. ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें होतीं. एका झग्याला ११ आणि स्त्रियांच्या लांब मोज्यांच्या जोडीला २ कुपनें लागत. तेथील व्यापार खात्यानें १९४३ त 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यांत भागवा व सांधून वापरा, या नांवाची पुस्तिका काढली. ज्या कामाची कालपर्यंत लाज वाटे तें एकाएकीं राष्ट्रकार्य झालें. तें रेशनिंग १५ मार्च १९४९ पर्यंत चाललें. इकडे मुंबईच्या गिरण्या लष्कराच्या मागण्या पुरवीत होत्या, बाजारांत कापड मिळेनासें झालें, आणि १९४३ त कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. ज्या घरांतून दांड भरण्याची विद्या विसरली होती तेथें ती पुन्हां आठवावी लागली. रणांगणावरच्या ब्रिटिश शिपायाजवळहि सुईदोऱ्याची एक लहान पिशवी असे. तिनें तो आपले मोजे व गुंड्या नीट करी. त्या पिशवीला सैन्यांत नांव होतें 'हाउसवाइफ', म्हणजे गृहिणी! ज्या कामाला गृहिणीच्या हातून मोल नव्हतें, त्याला पलटणींत तिचेंच नांव घेऊन शिस्तीचें स्थान मिळालें.

युद्ध संपलें आणि पुढच्या दोन पिढ्यांत सर्व पालटलें. अमेरिकेंत १५ मे १९४० पासून नायलॉनचे मोजे सर्वत्र विक्रीस आले होते. युद्धानंतर मोज्यांच्या टांचांतहि तो धागा पडूं लागला आणि भोंकें पडणें कमी झालें. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ त स्थापन केलेल्या गिरणीपासून मुंबईंत यंत्राचें कापड निघूं लागलेंच होतें; पुढें कृत्रिम धाग्याचें न विरणारें कापड आलें. शहरांतून दारोदार फिरणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडीं देऊं लागली, आणि जुनेराचा प्रवास घरांतल्या घरांत न होतां तिच्या बोचक्यांतून बाजाराकडे झाला. आज परदेशांत टाकलेले लोकरी कपडे पानिपतला येतात, त्यांचे धागे पिंजून पुन्हां सूत निघतें व त्याचीं ब्लँकेटें होतात. आनंदाची सांखळी तुटली नाहीं. ती घरांतून उठून कारखान्यांत गेली.

हें सर्व वाचून कोणी अशी समजूत करून घेऊं नये कीं आम्ही जुन्या दारिद्र्याचें कौतुक करीत आहों. पाठीमागें ठिगळ असलेली चड्डी घालून शाळेंत गेलेल्या मुलाला भिंतीला पाठ लावून उभें राहण्याचें दुःख काय असतें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. ठिगळ स्वतः निवडलें तर तें व्रत होतें. नशिबीं आलें तर तो डाग होतो. गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) चिंध्यांचा वेष जन्मभर अंगावर बाळगिला. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या, गांवेंच्या गांवें झाडलीं, पण अंगावर धडका कपडा घेतला नाहीं. ज्या ठिगळाची गरिबाला लाज वाटे, त्याच ठिगळांच्या वेषापुढें महाराष्ट्रानें हात जोडले. तेव्हां लाज ठिगळांत नसून पाहणाराच्या दृष्टींत असते, हें त्यांनीं एकहि ग्रंथ न लिहितां शिकविलें.

आतां शहरांतून गोधडी हौसेनें विकत घेतात, आणि रंगीत दोऱ्यानें मुद्दाम दिसेल असें ठिगळ लावण्याचीहि आवड निघाली आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु जें खरोखर दुर्मिळ होत चाललें आहे तें निराळेंच आहे. कपडा फाटल्यावर सांधणें हें कोणालाहि शिकतां येईल. फाटण्यापूर्वीं कोठें विरला आहे तें ओळखणारी दृष्टि मात्र रोजच्या हाताळण्यानेंच येते. दांडीवरच्या ओल्या लुगड्याआडून उजेड पाहणारी ती बाई वस्त्राचीच नव्हे तर घराचीहि वीण तशीच पाहत असे, आणि माणसें तुटण्यापूर्वीं कोठें टाका घालावा हें तिला कळे. तिचें नांव कोठेंहि लिहिलेलें नाहीं. जुन्या पेटींत एखादें दांड भरलेलें लुगडें सांपडलें, तर तें चिंधी म्हणून देऊन टाकण्यापूर्वीं उजेडापुढें धरावें, आणि तो सांधा बोटानें एकदां शोधून पाहावा. तो लौकर सांपडला नाहीं, तर तीच तिची सही समजावी.